शेकुवेचे सात सुलतान

शेकुवेच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. करंगळी मुळापासून गेलेली, तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर तुटलेलं, आणि पंजाच्या पाठीवर तारेनं पाडलेली एक खाच, ओल्या वाळूतून दोर ओढत नेल्यासारखी. गावात नवा माणूस आला की तो आधी हात बघतो आणि मग तोंड. शेकुवे हात लपवत नाही. सलाम करायला तोच पुढं करतो आणि वर म्हणतो, "मोजून घे. हायती तेवढी बी त्येच्या मेहेरबानीची."

हा मेहेरबान कोण, ते सांगायचं तर आधी मासा सांगावा लागेल.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या म्क्वाजुनी गावाहून पेम्बा बेटाच्या दिशेनं तासभर बोट हाणली की तळ सुटतो. हिरवं पाणी निळं होतं, निळ्याचं काळं होतं, आणि उत्तरेकडं ओढणारा प्रवाह लागतो. तिथं न्दुआरो राहतो. शाळेत गेलेली पोरं त्याला पुस्तकातल्या नावानं मार्लिन म्हणतात. वरचा ओठ पुढं वाढत वाढत भाला झालेला, शेपूट चंद्रकोरीची, आणि अंग असं की जणू कुणी एकाच जोरात ओढून काढलंय. भाल्यानं तो भोसकत नाही. कुपा माशांच्या थव्यात शिरतो, डावीउजवी आडवे फटके मारतो, दोनचार कुपे गरगरायला लागतात, मग सावकाश वळून येतो आणि एकेक डोक्याकडून गिळतो. म्हणून आमच्याकडं गळाला फटका बसला तरी कुणी लगेच दोर ओढत नाही. दहा आकडे मोजतात. मारणारा जेवायला परत येतोच.

शिकारीच्या वेळी त्याचं अंग पेटतं. निळेजांभळे पट्टे असे उजळतात की आत कुणी दिवा लावलाय. मेल्यावर तोच मासा चुलीतल्या राखेच्या रंगाचा होतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला थांबता येत नाही. दुसरे मासे जागच्या जागी कल्ले हलवून श्वास घेतात. न्दुआरोला तोंड उघडं ठेवून पोहत राहावं लागतं, तेव्हा कुठं कल्ल्यांतून पाणी जातं. थांबला की गुदमरला. पाण्यात राहून बुडून मरणारा मासा तो.

हे सगळं म्क्वाजुनीतल्या कुठल्याही माणसाला ठाऊक. आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, बापजाद्यांपासून चालत आलेली. न्दुआरोत जो मोठा, दोन पुरुष लांबीचा, तो नर. त्याला सुलतान म्हणायचं. त्याच्या मागं कधी कधी दोनतीन बारके लागलेले दिसतात, त्या त्याच्या बायका. सुलतान पुढं, जनाना मागं. यात शंका घ्यायची कुणाला गरजच पडली नाही.

तर शेकुवे चोवीस वर्षांचा असताना, आता नाखवा असलेल्या चेंगोच्या बापाच्या बोटीवर लागला. बोटीवर पाहुणे यायचे, खुर्चीत बसून जाड काठीनं आणि मोठ्या चाकावरच्या दोरानं न्दुआरो धरायचे. मासा बोटीशी आला की शेवटची चार वाव तार हातानं धरून ओढायची, ते काम शेकुवेचं. या कामाचा नियम एकच. हातमोज्यावर तारेचा एक वेढा घ्यावा, फार तर दोन, आणि हात उघडला की तार सुटली पाहिजे. त्या दिवशी सुलतान मोठा होता आणि शेकुवे तरणा होता. त्यानं तीन घेतले.

मासा खाली गेला आणि त्याच्याबरोबर शेकुवेही गेला.

किती खाली, हे त्याला सांगता येत नाही. कान फुटायला आले, डोळ्यापुढचं निळं काळं झालं, आणि हातातली तार काही सुटेना. तेव्हा तो नवस बोलला. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मनात बोलला. देवा, मला वर ने, तुझे सात सुलतान तुला माझ्या हातानं जिते परत करीन. सात का, तर चांगला आकडा. सुलतान का, तर बळी द्यायचा झाला तर माणूस नर देतो, कळपातला पहिला. परत द्यायचं तरी तसलंच द्यावं. पाण्याखाली त्याला एवढा हिशोब सुचला याचं गावाला आजही नवल वाटतं.

आणि मासा वळला. का वळला ते तोच जाणे. न्दुआरो खाली जाता जाता एकाएकी तोंड वर करतो आणि पाणी फोडून उडी मारतो, ती त्याची रीत. तो वर आला तशी तार ढिली पडली, मोजा निघाला, मोज्यातच दीड बोट राहिलं, आणि शेकुवे वर आला तो बोटीपासून दोनशे हातांवर. समोर सुलतान शेपटीवर चालावं तसा पाण्यावरून लांब लांब उड्या घेत चालला होता. तोंडातून तार लोंबत होती आणि तारेला मोजा.

घरी बायको तातू पहिलटकरीण होती. हाताला हळद आणि कसला तरी पाला बांधताना ती म्हणाली, "दोन वेढे सांगितलं व्हतं ना?"

"व्हय."

"मग तिसरा कुनासाठी घेतलास?"

त्यानं तिला नवसाचं सांगितलं. तातूनं ऐकून घेतलं, पाला घट्ट बांधला, आणि गप राहिली. हे गप राहणं ध्यानात ठेवा.

नवस बोलणं सोपं, फेडणं अवघड. बोट चेंगोच्या बापाची, मासा पाहुण्याचा. त्या काळात धरलेला प्रत्येक न्दुआरो मारायचा, धक्क्यावर शेपटीनं टांगायचा आणि शेजारी उभं राहून फोटो काढायचा, अशी रीत होती. पहिला सुलतान सोडायला शेकुवेला नऊ वर्षं लागली. एका पाहुण्याचे त्यानं पाय धरायचेच बाकी ठेवले. तो म्हणे, माझा मासा का सोडू? शेकुवेनं त्याच्यापुढं उजवा हात धरला आणि बोटं गेली त्या दिवसाची हकीकत सांगितली. पाहुण्यानं उरलेली बोटं मोजली आणि तो म्हणाला, सोड.

बोटीच्या कठड्याला त्यानं एक पितळी खिळा मारून ठेवला होता. मागच्या कोपऱ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, भाला सोडून, मासा भरला पाहिजे, तरच तो सुलतान. त्याहून लहान ते चिल्लर. पुढं दिवस पालटले, पाहुणे आपणहून मासे सोडायला लागले, पण तेही मोठेच सोडत, कारण मोठा सोडण्यात मोठेपणा. चिल्लर बोटीवरच्या माणसांच्या वाट्याची. चिल्लर बोटीशी आली की खारफुटीचा दांडका घेऊन तिच्या कपाळात घालायचा, हेही काम शेकुवेचंच. ते त्यानं जन्मभर चोख केलं.

पण सुलतान सोडावा तर शेकुवेनं. दमलेला मासा नुसता सोडून दिला तर दगडासारखा बुडतो. त्याला चालता ठेवावा लागतो. शेकुवे कठड्यावर पोट टेकून ओणवा व्हायचा, दोन्ही हातांनी भाला धरायचा, अंगठे समोरासमोर, म्हणजे माशानं उसळी मारली तर त्याला छातीपासून लोटता यावं. भाला कानशीसारखा खरबरीत, मोजे फाडून कातडीला लागतो. मग नाखव्यानं बोट चालवायची, माणूस चालेल इतपत. पाणी माशाच्या तोंडातून शिरतं, कल्ल्यांतून निघतं, आणि शेकुवे डोळा बघत राहतो. न्दुआरोचा डोळा बशीएवढा. मासा जरासा कलता केला आणि डोळा बुबुळ सपाट ठेवायला आतल्या आत फिरला, तर जीव आहे. मासा कलला आणि डोळाही त्याच्यासंगं कलला, तर सोडा हात आणि काढा सुरी. मग खांद्यापाशी तांबूस तपकिरी रंग फिकटतो, त्यात एक निळी रेघ येते, शेपूट एकदा हलते. तेव्हा सोडायचा. आधी नाही.

असे एकेचाळीस वर्षांत त्यानं सहा सोडले.

सातवा राहिला होता. शेकुवेच्या गुडघ्यात वारा शिरला होता, डाव्या डोळ्यावर पडदा आला होता. चेंगोचा बाप कधीच गेला होता, आता बोट चेंगो चालवत होता. त्याला शेकुवेनं सांगून टाकलं की ही कासकाझी, म्हणजे ईशान्य वाऱ्याचा हंगाम, शेवटची, पुढच्या हंगामाला दुसरा माणूस बघ. चेंगो काही वाईट माणूस नव्हे. वडीलधाऱ्याला मानानं म्झे म्हणतात; तो म्हणाला, म्झे, तुमचा सातवा मिळेपर्यंत जागा तुमचीच. पण शेकुवेला हाताचा भरवसा नव्हता. नवस अंगावर ठेवून मेलं तर तो पोरीच्या अंगावर जातो, आणि त्याची एकच पोर, सौदा नावाची, बिचारी मोम्बासात मास्तरीण. तिनं कुठले सुलतान धरायचे?

फेब्रुवारीत सातवा आला. खिळ्याच्या पुढं हातभर. पण आला तो शेपटीनं आला. उड्या मारताना दोर शेपटीला गुंडाळला गेला आणि पाहुण्यानं तासभर त्याला मागच्या मागं ओढला. उलटा ओढलेल्या माशाच्या कल्ल्यांत पाणी जातच नाही. शेकुवेनं दोर सोडवला, भाला धरला आणि चेंगोला बोट चालवायला सांगितली. पाव तास झाला, अर्धा झाला. मासा कलता केला की डोळा त्याच्याबरोबर कलायचा. चेंगो दोनदा म्हणाला, म्झे, गेलाय तो. शेकुवे म्हणाला, चालव. तास झाल्यावर चेंगोनं न विचारताच बोट थांबवली.

किनाऱ्यावर मेलेला न्दुआरो आणला की म्क्वाजुनीत रीत अशी. बाप्यांनी मासा वाळूवर ओढून टाकायचा, अंग धुवायचं आणि चिंचेखाली कहवा प्यायला जायचं. चिरणं बायांचं. पोटातलं जे काही निघेल ते चिरणारीचं, त्यात बाप्यानं बघायचंही नाही. बाया मांसाचे वाटे पानावर लावून ठेवतात, मग बाप्यांनी येऊन आपापला उचलावा. कधीपासूनची ही रीत कुणास ठाऊक. बाप्यांना ती सोयीची वाटे, कारण उन्हात उभं राहावं लागत नसे आणि कहवा मिळे.

त्या दिवशी शेकुवे उठला नाही. माशाच्या डोक्यापाशी वाळूत बसून राहिला. तातू सुरी घेऊन आली. सासूमागं तीस वर्षं ती म्क्वाजुनीची पहिली सुरी. तिच्यासंगं आणखी तिघी. नवऱ्याला बघून ती थबकली.

"उठ. कहवा गार व्हतोय."

"ह्येला एकट्याला टाकून न्हाई जात."

"ह्यो मेलाय. मेलेल्याला सोबत लागत न्हाई, सुरी लागती."

तो हलेना. बायांनी एकमेकींकडं बघितलं. ऊन चढत होतं, माश्या जमायला लागल्या होत्या. शेवटी तातूनं अंगावरच्या लेसो कापडाचं टोक कमरेला खोचलं आणि म्हणाली, "बस मग. पन जे बघशील ते आमचं हाय. भाईर बोललास तर ह्या चौघींची शपथ तुला."

तिनं पोट उभं चिरलं. आतून दोन गोळे घरंगळले, एकेक लहान पोराएवढा लांब, गाभोळीचे, म्हणजे माशाच्या अंड्यांचे, केशरी, रक्तवाहिन्यांचं जाळं वर. चौघींपैकी एकीनं पाटी पुढं सरकवली. सवयीचा हात.

शेकुवे पुढं झुकला. म्हणाला, "सुलतानाच्या पोटात गाभोळी?"

"सुलतान कुटला? बाई हाय ती."

"एवढी मोठी?"

"मोठी म्हनूनच. आजपातुर जेवढे मोठे चिरले, समदे बायाच. नर ह्येच्या निम्म्याला बी येत न्हाई. दीडशे किलोचा नर म्हंजे त्येंच्यातला पैलवान." तातू बोलता बोलता काम करत होती. "तुमी जनाना म्हनता ना, मागनं फिरत्यात ते? ते दादले. माझी सासू हुती तवा एकदा एकाच फेरीत तिघं आलते. एक मोठी, दोन बारके. मोठीत गाभोळी, बारक्यांत नराचं पांढरं दूध. तवापासून आमाला ठावं."

"आनि कुनी बोललं न्हाई."

"कशाला बोलायचं? गाभोळीचं कळलं असतं तर तिसऱ्या दिशी तुमी रीत बदलली असती. पोटातलं बाप्यांचं आनि मुंडकं बायांचं."

बाकीच्या तिघी तोंडाला लेसो लावून हसल्या. शेकुवेला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात हिशोब चालू झाला होता. सहा सुलतान सोडले, त्या सहा बाया. नवस सात नरांचा. आणि नर? नर म्हणजे चिल्लर. आजवर किती चिल्लरीच्या कपाळात आपण दांडका घातला? शंभर? दोनशे? नवसात ज्यांना सोडायचं म्हटलं होतं त्यांनाच तो एकेचाळीस वर्षं मारत आला होता.

"तुला ठावं व्हतं," तो म्हणाला. "मी नवस सांगितला त्या दिशी."

तातूनं सुरी लेसोला पुसली. "त्या दिशी नवी हुते. सासूनं आदल्या म्हयन्यातच शपथ घातलेली. मग तू पयला सोडलास नि घरी नाचत आलास. तवा वाटलं, सांगून काय करू? सोडतोय ते बरं करतोय. प्वाटुशी बाई समुद्रात परत जाती, त्यात वाईट काय?"

तिनं माशाच्या डोळ्यामागं बोट घातलं आणि तपकिरी मांसाचा एक गोळा बाहेर काढून त्याच्या साडेतीन बोटांवर ठेवला. "हे बघ. ही त्येंची चूल. ताजी असंल तर हाताला ऊब लागती. गार पान्यात खोल गेलं तरी डोळं नि डोस्कं गरम ऱ्हातं, म्हनून शिकार दिसती. एवढी वर्सं त्येच्यासंगं काढलीस, हे तरी ठावं व्हतं का?"

ठाऊक नव्हतं. शेकुवे गोळा हातात धरून बसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मला वर आनलं ती बी..."

"केवढी व्हती?"

"खिळ्याच्या म्होरं दीड हात."

"मग बाईच," तातू म्हणाली. "चाळीस वर्सं उपकार बाईचं आनि सलाम बाप्याला. तुजंच न्हाई, समद्या गावाचं तसंच."

आठ दिवस शेकुवेला अन्न गोड लागलं नाही. शपथ घातलेली, कुणाला सांगता येईना. शेवटी तो मशिदीत शिकवणाऱ्या म्वालिमू हातिबूंकडं गेला आणि आडून विचारलं. समजा एकानं सात एडके द्यायचा नवस केला. त्याला मेंढरांतलं कळत नव्हतं. त्यानं सहा मेंढ्या दिल्या, त्याही एडका समजून, आणि खरे एडके घरीच कापून खाल्ले. त्याचं काय?

म्वालिमू हातिबूंनी दाढीतून हात फिरवला. त्यांनी विचारलं, इतका अडाणी मेंढपाळ कुठल्या गावचा? मग म्हणाले, देवानं नियत बघितली, मेंढीची शेपटी उचलून बघितली नाही. नवस कधीच पोचला. पण मेंढपाळाचं मन खात असेल तर त्यानं एक एडका द्यावा, नीट ओळखून, आणि मग गप झोपावं. देवाला सातची घाई नाही.

एक. पण तो नक्की नर असला पाहिजे. बारक्यांत वाढीला लागलेल्या पोरीही असतात, हे तातूनं घरी सांगितलं होतं. खूण एकच, मोठीच्या मागं लागलेला असला तर तो नर.

कासकाझी संपायला तीन आठवडे उरले होते. शेकुवे रोज बोटीवर जायचा आणि मागच्या पाण्यावर नजर लावून बसायचा, एक डोळा धुरकट, एक धड. चिल्लर आली तर दांडका हातात घेईना. दुसऱ्या माणसाला म्हणे, तू मार, माझा खांदा धरलाय. चिंचेखाली ही बातमी पोचायला कितीसा वेळ? मकामे म्हणून एक आहे, जाळीवाला, त्याची जीभ त्याच्या जाळ्यापेक्षा लांब. तो सगळ्यांसमोर म्हणाला की शेकुवेला आता सुलतान पेलत नाहीत म्हणून तो जनानखान्यात शिरलाय. सगळे हसले. शेकुवेच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, सुलतान, जनाना, गाभोळी, सगळं. त्यानं कहव्याचा घोट घेतला आणि ते गिळलं. शपथ बायांची होती, आणि मकामेची बायको त्या चौघींतली एक होती.

मार्चच्या मध्यावर वारा पडायला लागला. बोटीवर नैरोबीची एक डॉक्टरीण बाई पाहुणी होती, साठीची, कमी बोलणारी. सकाळी निघतानाच शेकुवेनं चेंगोला बाजूला घेतलं. म्हणाला, आज एक बारका मागणार आहे, जिता सोडायला. वाटा बोटीचा आहे हे ठाऊक आहे. माझ्या एकेचाळीस वर्षांचा निरोप म्हणून दे.

चेंगो म्हणाला, "म्झे, बारका? तुमचा खिळा?"

"खिळा काढून टाक."

"डॉक्टरीण बाईला दाखवू का तुमचं डोकं?"

"आधी मासा दाव. मग डोकं."

दहाच्या सुमाराला गळामागं पाण्यात सावली आली. आधी वाटलं ढगाची. मग ती वळली आणि भाला दिसला. ती मोठी होती, खिळ्याच्या कितीतरी पुढं, काळी, निवांत, गळाकडं ढुंकून न बघणारी. तिच्या मागं दोन बारके, अंगावरचे पट्टे पेटलेले, एकमेकांना ढकलत. जन्मभर त्यानं हे दृश्य बघितलं होतं आणि जन्मभर उलटं वाचलं होतं.

एका बारक्यानं छोट्या गळाला फटका दिला. शेकुवे मोठ्यानं मोजायला लागला. दहाला दोर ताणला. डॉक्टरीण बाईनं पंचवीस मिनिटांत मासा आणला, नेटका, घाई न करता. शेकुवेनं तार घेतली. एकच वेढा.

कठड्याशी आला तो दमून तपकिरी पडलेला, साठसत्तर किलोचा, खिळ्याच्या निम्म्यालाही न येणारा. दुसऱ्या माणसाचा हात सवयीनं दांडक्याकडं गेला. चेंगोनं मान हलवून त्याला थांबवलं. शेकुवे पोटावर ओणवा झाला, अंगठे समोरासमोर, भाला धरला. "चालव," तो म्हणाला.

बोट चालायला लागली. पाणी माशाच्या तोंडात शिरत होतं. त्यानं मासा जरा कलता केला. डोळा कलला नाही, आतल्या आत फिरला आणि सपाट राहिला. शेकुवेनं मासा पुन्हा सरळ केला.

खांद्यापाशी निळी रेघ आली तेव्हा खालून ती वर आली. मोठी. चार वावांवर, बोटीच्या बरोबरीनं, सरळ. तिचा डोळा वर लागलेला होता की कुठं, कोण सांगणार? मासे माणसाकडं बघत नाहीत, असं शेकुवेचं ठाम मत आहे. ती तिच्या वाटेनं चालली होती आणि बोट त्याच वाटेवर होती, एवढंच. तरी त्यानं बोलून घेतलं, मोठ्यानं नाही, पण डॉक्टरीण बाईला ऐकू गेलं. तिला वाटलं म्हातारा प्रार्थना म्हणतोय. तो म्हणत होता, "बाई, तुजं राहिलं व्हतं. मला वर सोडलंस त्येचं. कुनाला तरी भलत्यालाच सांगत व्हतो एवढी वर्सं. हा घे तुजा एक."

शेपूट हलली. त्यानं हात उघडले.

बारका एक गोता मारून तिच्या मागं लागला. दोघंही काळ्या पाण्यात उतरली. शेकुवे उठून बसला तेव्हा मोजे फाटले होते आणि तळहात सोलले होते. डॉक्टरीण बाईनं न विचारता त्यावर औषध लावलं. अर्धवट बोटाकडं बघितलं, पण काही विचारलं नाही. त्याबद्दलही शेकुवेनं मनात तिचे आभार मानले.

संध्याकाळी धक्क्यावर मकामे वाट बघत होता. म्हणाला, सातवा सुलतान मिळाला म्हणे, शेळीएवढा. शेकुवे म्हणाला, "मकामे, तुज्या घरात बी सुलतान हाय. घरी जाऊन तिला इचार." आणि चालता झाला. मकामेला काही कळलं नाही. रात्री बायकोला विचारलं असेल तर तिनं काय सांगितलं ते त्यालाच माहीत.

घरी तातू चुलीपुढं होती. नारळाचा भात उतरवलेला होता. त्यानं सगळं सांगितलं, मोठी कशी बरोबरीनं आली तेही. तातूनं ऐकून घेतलं. मग उठून धुराच्या कोपऱ्यात टांगलेलं एक फडकं काढलं. आत त्या फेब्रुवारीतल्या मोठीची गाभोळी होती, मिठात दाबून, धुरावर सुकवलेली, तांब्याच्या रंगाची. तिनं पातळ काप केले, वर लिंबू पिळलं आणि त्याच्या भातावर ठेवले. म्क्वाजुनीतल्या कुठल्या बाप्याच्या ताटात ते आजवर पडलं नव्हतं.

शेकुवेनं एक काप तोंडात टाकला. चावला. थांबला. दुसरा टाकला.

"चाळीस वर्सं," तो म्हणाला. "चाळीस वर्सं तुमी हे खात व्हतासा?"

"मग? तुमी कहवा पीत व्हता." तिनं त्याचा सोललेला हात उलटा करून बघितला, औषधाचा वास घेतला आणि खाली ठेवला. "सावकाश खा. नि भाईर बोलायचं न्हाई."

"न्हाई," तो म्हणाला आणि ताट पुढं केलं. तिनं आणखी दोन काप वाढले.